दसऱ्याच्या ताटात राहिलेली पिन

मी, कमळ पंढरीनाथ केणे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलांचा. मी खुशीत नाही, मी संतापलेली आहे. पण कोणी माझा हात धरून लिहवून घेतलेले नाही, नशापाणी मी करत नाही, आणि बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तापलेले डोके म्हणजे फिरलेले डोके नव्हे, एवढे डॉक्टरांनाही पटले.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. नवी झडप कोणत्या कंपनीची, किती वर्षे टिकते, बिघडली तर जबाबदार कोण, असे मी डॉक्टरांना विचारले तेव्हा शेजारी बसलेला माझा मुलगा दीपेश हसला. हसू दे. सुटा भाग बसवण्याआधी विचारायचे असते, बसवल्यावर रडायचे नसते. त्याला हे कधी कळले नाही आणि त्याचे भोग दुसरीच भोगते आहे. ती दुसरी म्हणजे माझी मुलगी पूर्वी. हे मृत्युपत्र तिच्यासाठी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे बाकीच्यांना शेवटपर्यंत आशेवर बसायला नको.

१. माझे पती पंढरीनाथ वारल्यावर मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात दुकान दीपेशला ठेवले होते. ते मी रद्द करते. त्याची झेरॉक्स कोणाच्या कपाटात असेल तर तिच्यावर पोहे घेऊन खावेत.

२. टेमघरचे राहते घर माझ्या नावावर आहे. खालचा मजला, ओटा आणि मागची पत्र्याची शेड पूर्वीला. वरचा मजला दीपेशला आणि सून ऋतिकाला. पूर्वीला जिना चढता येत नाही म्हणून ही वाटणी. का चढता येत नाही, ते दीपेशने रोज जिना चढताना आठवावे. ऋतिकावर माझा राग नाही. ती परक्या घरातून आली, तिला नवऱ्याने जे सांगितले ते तिने खरे मानले. माझ्या पाटल्या आणि लग्नातला हार तिला द्यावा. कानातल्या कुड्या पूर्वीच्या. बँकेतली ठेव पूर्वीच्या पायाच्या पुढच्या उपचारांसाठी वापरावी, उरेल ते दोघा भावंडांनी सारखे घ्यावे. त्यात मी भेदभाव करत नाही. राग आहे, अन्याय नाही.

३. दुकान पूर्वीला. मालासकट, गिऱ्हाइकांसकट, पाटीसकट.

इथे कारण लिहिले नाही तर उद्या लोक म्हणतील, म्हातारीला पोरीने फितवले. दुकान आम्ही दोघांनी उभे केले. हे मागे शेडमध्ये वेल्डिंग करायचे, मी पुढे काउंटरवर बसायचे. बेअरिंग मी डबीवरचे चित्र बघून कधी घेतले नाही. कानाशी धरून फिरवायचे. खरखर ऐकू आली की आणणाऱ्याच्या पिशवीत परत. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला असतो. ज्याचे डोके कोरे, तो टकला बोल्ट खुर्चीला चालतो, ओझे ओढणाऱ्या गाडीला नाही. माल आणणारे मला घाबरायचे आणि गिऱ्हाईक नाशिकहून यायचे.

ह्यांच्यानंतर खरेदी दीपेशने हातात घेतली. मग दुकानात चकचकीत डब्या आल्या. मी म्हटले, “अरे, ही साखळी हातात हलकी लागते.” तो म्हणाला, “आई, टांगल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. गिऱ्हाईक काय वजन करून बघतंय?” गिऱ्हाईक वजन करत नाही, बाळा. रस्ता करतो.

४. आता ट्रेलर. वकील भाविक म्हसकर म्हणतात, एका ओळीत लिहा, “एक नग, घरी बनवलेला.” एका ओळीत माझा संसार मावत नाही. लिहा भाविक, तुमची फी मी भरते आहे.

हा ट्रेलर ह्यांनी मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बांधला. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सूत गुंडाळलेले लोखंडी बीम लूमपर्यंत पोचवायला टेम्पोवाले नखरे करायचे, गल्लीत शिरायचे नाहीत. म्हणून हे म्हणाले, आपल्या जीपमागे लावायला आपलीच ट्रॉली करू. ॲक्सल भंगारातून आणला, पण भंगारवाल्याच्या अंगणात दोन्ही टोकांना टेकू देऊन, मध्ये दोरी ताणून, सरळ आहे की नाही हे बघून आणला. कमानीचे पाटे जुन्या जीपचे. हब आणि बेअरिंग मात्र नवे, माझ्या काउंटरवरचे, माझ्या कानाखालून गेलेले. हे म्हणायचे, “जे दिसतं ते जुनं चालेल, जे फिरतं आणि जे धरतं ते नवंच पाहिजे.”

हा ट्रेलर पहिल्याच फेरीत फसला होता, तेही सांगते. ओझे मागे जास्त झाले आणि खारबावच्या रस्त्यावर ट्रेलर सापासारखा डावीउजवीकडे वळवळायला लागला. जीप सोडून हे रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, “कमळे, हा मला मारील.” मी म्हटले, “मग ॲक्सल मागे सरकवा आणि ओझं पुढे घ्या.” तसे केले, आणि नंतर तो कधी वळवळला नाही. ही सूचना माझी होती. ह्यांचे भाऊ केसरीनाथ भावोजी ती अजून स्वतःच्या नावावर सांगतात, म्हणून इथे नोंद करून ठेवते.

ट्रेलरची दांडी जीपच्या हुकात बसते आणि दोहोंतून वरून खाली एक पिन जाते. सगळे ओझे त्या पिनेवर. ती आमच्या टेमघरच्याच बाळारामने त्याच्या लेथवर चांगल्या पोलादाची बनवून दिली. पिनेच्या खाली क्लिप, आणि पिन दगा देईल म्हणून शिवाय साखळी.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारे धुऊन, ताटात मांडून पुजतात. ह्यांनी नियम घातला होता, की ट्रेलरची पिन काढून ताटात ठेवायची, हळदकुंकू वाहायचे आणि दिवेलागणीच्या आत ज्याने काढली त्यानेच ती परत घालायची. दुसऱ्याच्या हातून नाही. “काढणारा विसरत नसतो,” असे हे म्हणायचे. बिचाऱ्यांनी त्या हिशेबात आपला मुलगा धरला नव्हता.

हे गेल्यावर ट्रेलर पूर्वी चालवू लागली. दीपेशला त्या कामाची लाज वाटायची. तिला नाही वाटली. टेमघरपासून कोन गावापर्यंतचे सायझिंगवाले तिला ओळखायचे. माल वेळेत आणि बीमला ओरखडा नाही, एवढी तिची ख्याती होती.

५. दोन हजार तेवीसच्या दसऱ्याला काय झाले, ते मी शपथेवर लिहिते.

पूजेसाठी पिन दीपेशने काढली. मी समोर उभी होते. पूजा झाली. मग त्याची नवी मोटार गेटाशी सावलीत उभी करून तिला हार घालायचा होता आणि मध्ये ट्रेलर होता. त्याने पिनेच्या जागी दुकानातला एक बोल्ट सरकवला, जीपने ट्रेलर ओढून कडेला घेतला आणि तसाच जोडलेला ठेवला. ट्रेलरलाही हार हवा म्हणून हुकावर झेंडूची आणि आंब्याच्या पानांची दाट माळ गुंडाळली. मग तो मित्रांकडे सोने वाटायला गेला. पिन ताटातच, आपट्याच्या पानांखाली.

हे बोल्टचे मी तेव्हा पाहिले नाही, मी स्वयंपाकघरात होते. नंतर दीपेशने स्वतःच्या तोंडाने मला सांगितले, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायझिंगमधून फोन आला. पूर्वीने ट्रेलर जोडलेलाच पाहिला. हुकावर दसऱ्याची माळ. आमच्याकडे ती माळ सुकून गळेपर्यंत कोणी हात लावत नाही. तिने माळेला हात लावून नमस्कार केला आणि निघाली. हाच तिचा गुन्हा. देवाच्या फुलांखाली भाऊ टकला बोल्ट ठेवील, असे कोणत्या बहिणीच्या मनात येईल?

बीम भरून निघाल्यावर कोनच्या अलीकडे चढावर बोल्ट तुटला. साखळीने धरायला हवे होते. पण ती दीपेशने आणलेली साखळी. तिची कडी उघडून फुटक्या बांगडीसारखी रस्त्यावर पडली. बीम भरलेला ट्रेलर दांडी घासत मागे सरकू लागला. मागे रिक्षा होती, रिक्षात एक म्हातारे जोडपे. पूर्वीने ब्रेक दाबून जीप थांबवली, सीटखालचा लाकडी ठोकळा उचलला आणि पळत जाऊन चाकाखाली घातला. ठोकळा ठेवायची सवय बापाची. ट्रेलर थांबला. पण धक्क्याने बीम बांधलेला दोर तुटला आणि वरचा बीम तिच्या डाव्या पायावर आला.

रिक्षातल्या म्हातारीने माझ्या मुलीचे डोके मांडीवर धरले होते. तिचे नाव सीताबाई, एवढेच मला माहीत आहे. ती अजून कधीकधी फोन करून विचारते. आमच्या भावकीतून कोणी विचारत नाही.

६. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक जमले तेव्हा दीपेश म्हणाला, “घाईत पिनच घातली नसेल तिने.” त्याला तेव्हा आठवले नव्हते, असे मी आजही मानते. आई आहे म्हणून मानते.

मी कपडे न्यायला घरी आले, दिवा लावायला देव्हाऱ्याशी गेले आणि पूजेचे ताट उचलले. आपट्याच्या पानांखाली पिन होती, कुंकवासकट. बाळाराम ट्रेलर ओढून घरी घेऊन आला तेव्हा दांडीच्या भोकात अडकलेला अर्धा बोल्ट मी स्वतः हातोडीने ठोकून काढला. डोके कोरे. आमच्याच दुकानातला, त्याच चकचकीत डबीतला.

मी पिन आणि बोल्ट दोन्ही दीपेशसमोर ठेवले. तो माझ्या पायाशी बसून रडला. वर लिहिले ते सगळे तेव्हाच बोलला. म्हणाला, “आई, पूर्वी चालायला लागू दे. मी सगळ्यांसमोर सांगतो.”

पूर्वीलाही मी सांगितले. ती म्हणाली, “आई, तू नको सांगू. दादाला सांगू दे. तू सांगितलंस तर लोकांना कळेल, पण मला दादाकडून पाहिजे.” तिने माझ्याकडून शब्द घेतला. त्या शब्दाने माझे तोंड शिवले. सायझिंगवाला दारात येऊन म्हणाला, “काकी, बेटी अच्छी है, लेकिन अब माल किसी और को देंगे,” तेव्हा मी गप्प. पूर्वी काठी घेऊन चालायला लागली, दीपेश गप्प. म्हणून मीही गप्प.

बाळारामच्या नातीच्या हळदीला भर मांडवात केसरीनाथ भावोजी बोलले, “पोरीचे हातान गारी दिली, मंग दुसरा काय व्हनार? पिन घालाची अक्कल न्हाय नं निंगाली बीम वाह्याला!” लोक हसले. पूर्वी खुर्चीत काठी धरून बसली होती. दीपेश चार हातांवर उभा होता, त्याच्या हातात जेवणाची ताटली होती. त्याने मान खाली घातली आणि घास घेतला.

तो घास मी विसरणार नाही. पाय मोडला तो अपघात होता. चूक कोणाचीही होते. पण तो घास चूक नव्हती.

यंदाच्या दसऱ्यापर्यंत मी थांबले. म्हटले, ताट समोर आले की त्याला तोंड फुटेल. त्याने मोटारीची चावी ताटात ठेवली, आरती म्हटली, मग ताट उचलून म्हणाला, “आई, हे लहान पडतं. पुढच्या वर्षी मोठं घेऊ या.” दुसऱ्या दिवशी मी वकिलांना फोन केला.

७. केसरीनाथ भावोजींना दुकानाच्या माळ्यावरचा ट्रकचा जुना हॉर्न द्यावा. त्यालाही विनाकारण वाजायची सवय होती. ट्रेलर भंगारात घालून जागा मोकळी करा, असा त्यांनी दीपेशला दिलेला सल्ला माझ्या कानावर आला आहे. ट्रेलरला त्यांनी बोट लावू नये.

८. ट्रेलर, जीप, ह्यांचे वेल्डिंग मशीन आणि शेडमधली सगळी हत्यारे पूर्वीला. तिने ती वापरावी, विकावी किंवा गंजू द्यावी, तिची मर्जी. नवी साखळी मी घालून ठेवली आहे. खरेदी माझी आहे, तिने निश्चिंत असावे. पायात बळ आले की क्लच दाबता येईल असे डॉक्टर म्हणतात. तोवर घाई नाही.

९. बाळाराम या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून त्याला काही दिलेले नाही. त्याची पिन एवढ्या वर्षांत वाकली नाही, हे मात्र सही करताना त्याने वाचावे.

१०. अर्धा तुटलेला बोल्ट दीपेशला. बाकी कोणाला त्यावर हक्क सांगता येणार नाही.

११. माझ्या अंत्यविधीबद्दल. वकील म्हणतात, अशी इच्छा कायद्याने कोणावर बंधनकारक नसते. नसेल. लाज नावाचीही एक गोष्ट असते, आणि पूर्वीला दिलेला माझा शब्द माझ्या जिवंतपणापुरताच होता. म्हणून हे कलम वकिलांनी माझी तिरडी उचलण्याआधी, ओट्यावर उभे राहून, मोठ्याने वाचावे.

मला खांद्यावर नेऊ नये. माझ्या नवऱ्याने बांधलेल्या ट्रेलरवरून न्यावे. जीप पूर्वीने चालवावी. तिला क्लच दाबता येत नसेल तर बाळारामने चालवावी आणि पूर्वीने शेजारी बसावे.

पिन देव्हाऱ्यात आहे. ती दीपेशने आणावी आणि जमलेल्या भावकीसमोर हातात धरून सांगावे, की त्या दसऱ्याला ही पिन मी काढली होती आणि मीच परत घातली नाही. एवढेच. रडू नये, कारणे देऊ नयेत. हे बहिणीकडे बघून सांगावे, माझ्याकडे नाही, मी ऐकलेले आहे. मग पिन घालावी, खालची क्लिप लावावी, साखळी अडकवावी आणि बाजूला व्हावे. पूर्वीने वाकून तपासावे. ती “चला” म्हणाली की निघावे. मग अग्नी दीपेशने द्यावा, तो माझा थोरला आहे आणि माझी आशा अजून सुटलेली नाही.

तो बोलला नाही तर थांबावे. मला कुठेही जायची घाई नसेल. लोक कंटाळले, ऊन चढले, तरी थांबावे. तरीही तोंड उघडले नाही तर पिन पूर्वीने घालावी आणि अग्नीही पूर्वीनेच द्यावा. भावोजी आडवे आले तर त्यांना त्यांचा हॉर्न देऊन वाजवत बसवावे.

मी जिवंत असताना दीपेश बहिणीसमोर आणि भावकीसमोर हे बोलला, तर कलम दहा आणि हे कलम मी माझ्या हाताने फाडीन. ऑपरेशनपर्यंत वेळ आहे. दवाखान्यात मला तोच सोडणार आहे.

हार घालायचे तर माझ्या अंगावर घालावेत, हवे तेवढे. हुकावर एक फूलही ठेवू नये. तो सगळ्यांना उघडा दिसला पाहिजे.

वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला गेला आहे. तो मी चष्मा लावून वाचला, वकिलांनी गाळलेली चार वाक्ये परत घालून घेतली आणि खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. अंमलबजावणी अ‍ॅड. भाविक म्हसकर, कल्याण, यांनी करावी.

सही: कमळ पंढरीनाथ केणे

साक्षीदार:
१. बाळाराम नामा तरे, लेथचे काम, टेमघर. (सही)
२. ललिता रवींद्र गायकवाड, परिचारिका, भिवंडी. (सही)

स्थळ: टेमघर, भिवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४